टोचण्याचे पदार्थविज्ञान

तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा गोल व्रण असेल. तो क्षयरोगावरील बी.सी.जी. लशीचा. पुढे ९ महिन्यांचे झाल्यावर तुम्हांला उजव्या दंडात गोवराची लस मिळाली असेल. शिवाय दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरची टी.डी. लस देतात. तिन्ही वेळा सुईच टोचतात. पण तिन्ही वेळा सुईचा कोन वेगळा असतो, हे तुमच्या लक्षात आले आहे काय?

अमरावतीहून यवतमाळकडे जाताना नांदगाव खंडेश्वर लागते. त्या तालुक्यातले, किंवा वऱ्हाडातले कोणतेही खेडे घ्या. लसीकरणाच्या दिवशी नर्सताई येतात आणि रडणाऱ्या पोरांच्या गलक्यात एकेकाला लस देतात. हे काम नर्सिंगच्या विद्यार्थिनींना आधी शिकवावे लागते. कोन किती, सुई कोणती, दट्ट्या किती सावकाश दाबायचा, याचे नियम ठरलेले आहेत. गंमत अशी, की यांतील बहुतेक नियमांचे कारण तुमच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकातच सापडते.

टोक आणि दाब

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, १०० ग्रॅम वजनाइतके, म्हणजे सुमारे १ न्यूटन बल तुम्ही अंगठ्याच्या १ चौरस सेंटिमीटर भागाने दंडावर लावले. दाब होईल १०,००० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम एक दशांश. कातडी नुसती दबेल. आता तेच बल सुईच्या टोकाच्या ०.०१ चौरस मिलिमीटर भागावर एकवटले असे माना. दाब होतो १० कोटी पास्कल, सुमारे एक हजार वातावरणांइतका! बल तेच, पण आता कातडी चिरली जाते. म्हणून सुईचे टोक तिरपे कापून धारदार केलेले असते. बोथट सुईला जास्त बल लावावे लागते आणि ती जास्त दुखते.

कोनाचा हिशेब

त्वचा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखाली चरबीचा थर आणि त्याखाली स्नायू. बी.सी.जी. त्वचेतच द्यायची असते, गोवराची लस त्वचेखालच्या थरात आणि टी.डी. स्नायूत. म्हणून सुईचे कोन अनुक्रमे १० ते १५ अंश, ४५ अंश आणि ९० अंश.

दहावीच्या मुलांनी येथे साइन आठवावे. सुईची आत गेलेली लांबी गुणिले कोनाचा साइन, म्हणजे खोली. बी.सी.जी. देताना सुमारे ३ मिलिमीटर सुई आत गेली आणि कोन १५ अंश असला, तर खोली ३ × ०.२६, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर. टोक बरोबर त्वचेतच राहिले! कोन ४५ अंश झाला, तर तेवढीच सुई २.१ मिलिमीटर खोल जाईल आणि लस त्वचा ओलांडून खाली उतरेल. लस त्वचेतच गेली, तर तेथे फिकट रंगाची लहानशी फुगोटी उठते. ती दिसली, की कोन साधला असे नर्सताई समजतात.

दट्ट्या ओढतो की हवा ढकलते?

कुपीतले औषध दट्ट्या ‘ओढून घेतो’ असे आपण म्हणतो. खरे तर दट्ट्या मागे घेतल्यावर नळीतला दाब कमी होतो आणि कुपीतला जास्त दाब औषधाला नळीत ढकलतो. पण रबरी बुचाची कुपी बंद असते. औषध निघत गेले, तसा कुपीतला दाबही उतरतो आणि दट्ट्या जड होतो. म्हणून साध्या सिरिंजने औषध घेताना आधी तेवढीच हवा कुपीत सोडायला शिकवतात.

बारीक सुईची किंमत

सुई जितकी बारीक, तितकी कमी दुखते. मग सगळ्याच सुया केसासारख्या का करीत नाहीत? याचे उत्तर प्वाझेय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास शोधलेल्या नियमात आहे. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाने प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा होतो! औषध दाट असेल, तर तो आणखी मंदावतो. म्हणून दाट औषधाला जाड सुई लागते. सुईच्या क्रमांकाचे मात्र उलटे आहे: २६ क्रमांकाची सुई २२ क्रमांकाच्या सुईपेक्षा बारीक असते.

एका चिमट्याची गोष्ट

आतापर्यंतचे नियम चुकले, तर लस वाया जाईल किंवा दंड दुखेल. एक नियम मात्र असा आहे, की तो चुकला तर माणसे मरतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तेथील ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती मिळाली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. ते १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. लस चांगली, सुई चांगली. पण मातीचा एक स्पर्श १९ जिवांना भोवला.

एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला वापरली, तर असेच घडू शकते. रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंशही कावीळ-बी, कावीळ-सी किंवा एच.आय.व्ही. यांचे विषाणू पोहोचवू शकतो. केवळ सुई बदलून भागत नाही. नळीही नवी लागते. म्हणून आता लसीकरणात ऑटो-डिसेबल सिरिंज वापरतात. तिचा दट्ट्या एकदा पुढे दाबला, की आतच अडकून बसतो. पुन्हा मागे येत नाही. (म्हणूनच या सिरिंजने कुपीत आधी हवा सोडायची नसते!) काम झाल्यावर सुईला पुन्हा टोपण लावायचे नसते, कारण तसे करताना ती बोटात घुसते. ती यंत्राने कापून वेगळी टाकतात.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून २ मिलिलिटर आणि १० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज आणा. सुया शिक्षकांच्या हाती द्या. प्रयोगात सुई नको. टाकून दिलेल्या सिरिंजला मात्र कधीही हात लावू नका. दोन्हींत पाणी भरून त्यांची तोंडे घट्ट बसेल अशा प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. आत बुडबुडा राहू देऊ नका. एका हाताने लहान दट्ट्या आणि दुसऱ्या हाताने मोठा दट्ट्या दाबा. कोण जिंकते? नळ्यांचे व्यास मोजून कारण शोधा. पास्कल तुमच्या मदतीला येईल.

आणि आणखी एक काम. आपल्याकडे पुष्कळांना सुई टोचल्याशिवाय औषध घेतल्यासारखेच वाटत नाही. ‘डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या’ असा आग्रह घरी कोणी धरत असेल, तर त्यांना सांगा, की गोळीने भागत असेल तेथे सुई मागू नये. सुई घ्यावीच लागली, तर पाकीट नवे आहे आणि ते आपल्यासमोर फोडले आहे, एवढे पाहून घ्यावे. तसे विचारण्यात संकोच कसला? चांगल्या नर्सताईंना त्याचा राग येत नाही. पाकीट रुग्णासमोर फोडायला त्यांना शिकवलेलेच असते.