दुर्गाघाटावरचे घर अपुरे पडते आहे? मोठ्या घरात केव्हा जावे, हे असे ठरवा

वाराणसीतील पंचगंगा घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पेशवाईपासून राहत आली आहेत. यांतील अनेक जण आजही जुन्या वाड्यांतील एक-दोन खोल्यांत राहतात. कुटुंब वाढले की मोठ्या घराचा विषय निघतो. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० चा लाभ घेऊन घर बदलणार असाल, तर आधी एक अट लक्षात घ्या. गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेल्या कुटुंबाला या योजनेत पुन्हा लाभ मिळत नाही. म्हणून निर्णय आजच्या अडचणीवर नव्हे, पुढच्या पाच-दहा वर्षांच्या गरजेवर घ्या.

घर खरोखर अपुरे आहे का?

शहरांतील घरांची टंचाई मोजताना केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये दाटीचा विचार केला होता. घरातील एखाद्या विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसेल, तर ते घर दाटीचे मानले गेले. देशातील सुमारे १ कोटी ८८ लाख घरांच्या टंचाईत जवळपास १ कोटी ५० लाख कुटुंबे अशी होती. हीच कसोटी आपल्या घराला लावून पाहा:

• प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र खोली आहे का?
• पाच वर्षांनी घरात किती माणसे असतील? मुलीचे लग्न किंवा मुलाची बाहेरगावची नोकरी जवळ आली असेल, तर घर आपोआप मोकळे होईल का?
• घरातील वृद्धांना जिना चढता येतो का?

इमारत मोडकळीस आल्याची महानगरपालिकेची नोटीस आली असेल, तर मात्र पाच वर्षांचा हिशेब करत थांबू नका. तिथे प्रश्न जिवाचा आहे.

वर मजला चढवता येईल का?

वाराणसीत गंगेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. दुरुस्तीसाठीही वाराणसी विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे घाटावरच्या घराला खोली वाढवण्याचा बेत आखण्याआधी तिथे चौकशी करा.

अर्ज कोणी करावा?

योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. आई-वडिलांजवळ राहणारा विवाहित मुलगा आणि सून हे वेगळे कुटुंब ठरते. अटी पूर्ण होत असतील, तर ते स्वतःच्या नावे अर्ज करू शकतात. म्हणजे सगळ्यांनी एकत्र मोठे घर घेणे हा एकच मार्ग नाही. मुलगा-सून वेगळ्या घरात गेले, तर आई-वडिलांना जुनी जागा पुरू शकते.

कुटुंबातील कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्के घर नसावे. गावाकडे, कोकणात किंवा देशावर, आपल्या नावाची नोंद असलेले पक्के घर असेल, तर ते अर्जात लपवू नका.

किती मदत मिळते?

• वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत: स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी किंवा भागीदारी प्रकल्पातील घरासाठी केंद्र व राज्य मिळून २.५० लाख रुपये. भागीदारी प्रकल्पातील घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ ते ४८४ चौरस फूट असते. आजच्या खोल्या मोजून मगच हे घर ‘मोठे’ आहे का ते ठरवा.
• वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत: गृहकर्जावर व्याज अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये. घराची किंमत ३५ लाख आणि कर्ज २५ लाख रुपयांच्या आत हवे. अनुदान कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवरच मोजले जाते आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. त्या वेळी कर्ज चालू आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे लागते. म्हणून कर्ज लवकर फेडण्याआधी बँकेला विचारा.

हप्ता झेपेल का?

१५ लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,००० रुपये येतो. घर शिवपूर किंवा सारनाथच्या बाजूला असेल, तर रोजच्या ऑटोचा खर्चही धरा. घाटावर पूजापाठ किंवा दुकान असलेल्यांना आज पायी जाता येते. ही सोय जुन्या घराच्या हिशेबात सहसा धरलीच जात नाही.

सोपा उपाय असा: हप्ता आणि प्रवासखर्चाच्या बेरजेतून आजचे भाडे वजा करा. उरलेली रक्कम सहा महिने बँकेत बाजूला टाका. शाळेची फी, औषधपाणी आणि सणवार सांभाळून ती टाकता आली, तर घर बदलण्याची वेळ आली आहे. नाही जमली, तर थांबा. साठलेली रक्कम पुढे घरासाठी उपयोगी पडेलच.

अर्ज कुठे करावा?

योजनेच्या संकेतस्थळावर, जनसेवा केंद्रात किंवा जिल्हा नगरीय विकास अभिकरणाच्या (डूडा) कार्यालयात. कुटुंबातील सर्वांचे आधार, आधारशी जोडलेले बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. मंजुरी हातात येईपर्यंत जुनी जागा सोडू नका.