शेताचा कायदा, तळ्याचा कायदा आणि मधला कालवा

भातावर तुडतुड्यांचा प्रादुर्भाव दिसतो, शेतकरी फवारणी करतो, दोन दिवसांनी जोराचा पाऊस येतो आणि खाचरातले पाणी बांध ओलांडून कालव्यात उतरते. त्याच कालव्यातून खालच्या अंगाचा शेतकरी आपल्या कोळंबीच्या तळ्यात पाणी घेतो. त्या तळ्यातील कोळंबी मेली, तर उत्तरदायी कोण? आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूपासून पश्चिम बंगालपर्यंत जेथे जेथे भातखाचरे व कोळंबीची तळी शेजारी आहेत, तेथे हा प्रश्न उभा राहू शकतो. आपल्याकडे शेताचा कायदा आहे, तळ्याचाही आहे. दोहोंना जोडणारा कालवा मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

तळ्याच्या कायद्याचा उगमही अशाच वादात आहे. १९९० नंतर पूर्व किनाऱ्यावर कोळंबी संवर्धन वेगाने पसरले. गावांतील गोडे पाणी खारट होऊ लागले, शेतजमिनी तळ्यांखाली गेल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला प्रत्यक्ष पाहणी करण्यास सांगितले. ११ डिसेंबर १९९६ चा निकाल या पाहणीच्या आधारावर उभा आहे. शेतजमीन, मिठागरे, कांदळवने व गावाच्या सार्वजनिक उपयोगाच्या जागा यांचे कोळंबीच्या तळ्यांत रूपांतर करू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले गेले. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्वही लागू झाले. पारंपरिक पद्धतीच्या संवर्धनाला मात्र न्यायालयाने मुभा ठेवली. शास्त्रीय नोंद नसती, तर ही सारी बाजू केवळ तक्रारींच्या पातळीवर राहिली असती.

पुढे संसदेने २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा केला. चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या या प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले आणि उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत कोळंबीच्या तळ्यांना मनाई झाली. २०२३ च्या दुरुस्तीने उबवणी केंद्रे, प्रजनक कोळंबी केंद्रे आदी घटक अधिक स्पष्टपणे कायद्याच्या कक्षेत आले. तुरुंगवासाची तरतूद जाऊन तेथे आर्थिक दंड आला. शिक्षा सौम्य झाली, म्हणून नोंदीचे महत्त्व कमी झाले नाही. दंड असो वा भरपाई, दोन्ही पुराव्यावरच ठरतात.

शेताच्या बाजूला १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. मनुष्य व प्राणी यांना होणारा धोका टाळणे हा त्याचा घोषित हेतू. त्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत माशांचा उल्लेख आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. म्हणजे पाण्यातील जिवांचा विचार या कायद्याला परका नाही. व्यवहारात मात्र त्याची तपासणी बहुतेक विक्रेत्याच्या दुकानातील नमुन्यापाशी थांबते. १९७४ चा जलप्रदूषण कायदा प्रामुख्याने ठरावीक ठिकाणाहून सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर लक्ष ठेवतो. अनेक शेतांतून पसरत येणारे पाणी त्याच्या पकडीत येणे अवघड.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला ही पोकळी विशेष जाणवते, कारण कीटक आणि कोळंबी हे एकाच संधिपाद कुळाचे सोयरे आहेत. दोघांच्या अंगावर कायटिनचे कवच असते, दोघेही कात टाकून वाढतात आणि दोघांच्या कात टाकण्यामागील संप्रेरकही एकच. त्यामुळे किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही कोळंबीला घातक ठरतात. भातशेतकऱ्याचाही यात लाभ नाही. पायरेथ्रॉइडच्या फवारणीने कोळी व इतर मित्रकीटक मरतात आणि तपकिरी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो. या ठिकाणी शेताचे हित आणि तळ्याचे हित एकच आहे.

हा प्रश्न किनाऱ्यापुरताही उरलेला नाही. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या हरियाणातील लाहली केंद्राने क्षारपड जमिनीतील खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवण्याचे तंत्र विकसित केले. हरियाणा व पंजाबात आज अशी तळी दिसतात आणि त्यांच्या शेजारी फवारणीवर अवलंबून असलेला कापूस उभा असतो. किनारी क्षेत्रासाठी केलेल्या २००५ च्या कायद्याच्या व्याख्येत हा प्रदेश बसत नाही. कायद्याचे मूल्यमापन करताना हे अंतर सर्वप्रथम मोजले पाहिजे.

केरळच्या पोक्काळी शेतीत या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. पावसाळ्यात भात आणि त्यानंतर त्याच खाचरात कोळंबी, असे तेथील चक्र आहे. शेत आणि तळे एकच असल्याने विषारी फवारणी स्वतःच्याच मुळावर येते, हे शेतकरी जाणतो. जेथे शेत एकाचे आणि तळे दुसऱ्याचे, तेथे हे शहाणपण करार आणि नोंद यांतून आणावे लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. फवारणीचा गावफलक : कालव्यावरील शेतकऱ्यांनी फवारणीची तारीख व औषधाचे नाव आधी कळवावे. तळेधारकाने त्या काळात पाणी घेणे थांबवावे.

२. दोन्ही बाजूंची वही : शेतात फवारणीची, तळ्यात पाणी घेतल्याची व सोडल्याची. तळ्यातून सोडलेल्या पाण्याची क्षारताही नोंदवावी, कारण खाऱ्या पाण्याने भात बसतो, ही तक्रारही तितकीच खरी असते.

३. निदान आधी, आरोप नंतर : पहाटे प्राणवायू घटल्याने किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगानेही कोळंबी मरते. या दोन्हींची तपासणी प्रथम करावी.

४. नमुना वेळेत : पायरेथ्रॉइड पाण्यातून लवकर गाळात उतरते आणि प्लॅस्टिकला चिकटते. म्हणून पाण्याचा व गाळाचा नमुना विनाविलंब, काचेच्या बाटलीत, दोन्ही पक्षांसमोर घ्यावा आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा.

५. तक्रार लेखी आणि दुहेरी : मत्स्यव्यवसाय व कृषी या दोन्ही विभागांना एकाच वेळी द्यावी.

या नोंदींना बाजारातही मोल आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय संवर्धित कोळंबीच्या मालाची तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. अमेरिकेने ३१ डिसेंबर २०१८ पासून आयात कोळंबीच्या मूळ स्रोताच्या नोंदी आवश्यक केल्या. तळ्यातील वही आता निर्यातदाराच्या कागदपत्रांशी जोडली गेली आहे.

१९९६ च्या निकालामागे शास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून केलेली पाहणी होती. आज प्रत्येक कालव्यावर संशोधन संस्था पोहोचू शकणार नाही. ते काम गावच्या दोन वह्या आणि वेळेत भरलेली एक बाटली करू शकेल. उद्या कायद्यात कालव्यासाठी तरतूद करावयाची झाली, तर तिचा आधारही याच नोंदी असतील.