घरी दळलेला डेटाबेस

वाचनालयाची सभासदसूची, पतसंस्थेची खातेवही, दवाखान्यातील रोग्यांची नोंद ही सारी दप्तरे आता कपाटांतून निघून संगणकात गेली आहेत. ज्या सॉफ्टवेअरच्या हवाली ती असतात त्याला डेटाबेस म्हणतात. पूर्वी कपाट घेताना लाकूड कोणते, कुलूप कसे, हे आपण पाहून घेत असू. ह्या नव्या दप्तरखान्याविषयी तशी चौकशी करावी असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती चौकशी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तो दप्तरखाना एकदा मुळापासून स्वतः बांधून पाहणे. पोस्टग्रेसक्यूएल ह्या डेटाबेसचे उदाहरण घेऊन तो मार्ग आम्ही येथे सांगणार आहोत.

पोस्टग्रेसचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली सुरू झाले. त्यांच्या आधीच्या 'इन्ग्रेस'नंतरचा तो 'पोस्टग्रेस'. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन ह्यांनी १९९४ साली त्याला एसक्यूएल ही भाषा शिकविली, आणि १९९६ साली आजचे नाव रूढ झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा सी भाषेतील मूळ मजकूर, कोणालाही फुकट मिळतो, आणि त्यात फेरफार करण्याचीही मुभा आहे.

संगणकाला हा मजकूर जसाच्या तसा कळत नाही. त्याचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करावे लागते. ह्यालाच कंपाइल करणे म्हणतात. बहुतेक लोक कोणीतरी आधीच कंपाइल केलेला डेटाबेस उतरवून घेतात. दुकानातून तयार पीठ आणण्यासारखेच ते आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण गहू घरी आणून दळला, तर गहू कसला होता आणि त्यात काय मिसळले, हे दळणाऱ्याला ठाऊक असते.

मजकुराची गठडी सोडली की पहिली पायरी 'कॉन्फिगर'. ही एक लांबलचक तपासणी आहे. सी भाषेचा कंपाइलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, असे शेकडो प्रश्न ती यंत्राला विचारते आणि एकेका ओळीत 'होय' वा 'नाही' असे उत्तर छापीत जाते. नवशिक्याची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. आम्हांलाही लागली. 'रीडलाइन सापडत नाही' असे म्हणून तपासणी थांबली. रीडलाइन तर यंत्रावर होती! पुष्कळ वेळ डोके खाजविल्यावर उलगडा झाला की, लायब्ररी होती, पण तिच्याशी कसे बोलावे हे कंपाइलरला सांगणाऱ्या हेडर फायली वेगळ्या गठडीत येतात, आणि ती गठडी आम्ही घेतलीच नव्हती.

थांबविणारी चूक एका अर्थी उपकारकच. खरी धास्ती न थांबविणाऱ्या गोष्टींची. संगणका-संगणकांतील संभाषण गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी कॉन्फिगरला स्पष्ट सांगितल्याखेरीज जोडली जात नाही. ती विसरली तरी डेटाबेस सुरळीत तयार होतो, सुरळीत चालतो. फक्त खातेदाराची माहिती तारेवरून उघडी जाते. तसेच पानाच्या आकाराचे. हा डेटाबेस नोंदी ८ किलोबाइटांच्या पानांवर लिहितो. हा आकार येथे बदलता येतो, पण एका आकाराने लिहिलेले दप्तर दुसऱ्या आकाराचा डेटाबेस उघडीत नाही. आमचे मत विचाराल तर सबळ कारणावाचून तो बदलू नये.

आता वर्णक्रमाकडे वळू, कारण तो आपल्या मराठीच्या जिव्हाळ्याचा आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. त्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे येतो. शाळेत आपण तो 'ह'नंतर शिकलो. केवळ क्रमांकांवर विसंबले तर यादीत काळे हे काशीकरांच्या आधी येतील आणि क्षीरसागर 'क'च्या शेवटी जाऊन बसतील. निरनिराळ्या भाषांचे क्रम जाणणारी आयसीयू नावाची लायब्ररी आहे. २०२३ सालच्या सोळाव्या आवृत्तीपासून ती मुद्दाम वगळल्याशिवाय जोडलीच जाते. हा प्रश्न नुसत्या शोभेचा नव्हे. डेटाबेस आपली शोधसूची ह्याच क्रमाने लावतो. २०१८ साली लिनक्सच्या ग्लिबसी ह्या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यातील वर्णक्रम बदलला. जुन्या क्रमाने लावलेल्या सूचीत डेटाबेस नव्या क्रमाने शोधू लागला, की असलेली नोंद 'नाही' असे उत्तर मिळू शकते. आणि 'नाही' म्हटल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदाही शिरू शकते. सूच्या नव्याने बांधणे हाच त्यावर उपाय.

ह्यानंतरचे काम सोपे. 'मेक' ही आज्ञा दिली की आजच्या यंत्रावर काही मिनिटांत कंपाइल पुरे होते. मग 'मेक चेक' द्यावी. ती तात्पुरता डेटाबेस उभा करून त्याची परीक्षा घेते. घाईत ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. 'मेक इन्स्टॉल'ने सर्व सामान जागच्या जागी लागते. दप्तराची रिकामी खोली 'इनिटडीबी'ने तयार करावयाची. आणि वर्णक्रम कोणता, ह्याचे उत्तर प्रथम येथेच द्यावे लागते. यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे रूटच्या, नावाने मात्र हा डेटाबेस चालण्यास साफ नकार देतो. एखाद्याने त्यात शिरकाव केलाच, तर साऱ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती पडू नयेत, हा त्यातला हेतू. त्यासाठी बेताचे अधिकार असलेले वेगळे खाते काढावे लागते.

कॉन्फिगरला आपण काय काय सांगितले होते ते तयार झालेला डेटाबेस स्वतःजवळ टिपून ठेवतो. 'पीजी-कॉन्फिग' ह्या छोट्या आज्ञेने ती टिपणी वाचता येते. बांधणारा माणूस नोकरी सोडून गेला असला, तरी त्याच्या खुर्चीवर आलेल्याला ओपनएसएसएल जोडले होते की नाही, हे तेथे पाहता येते.