पूर ओसरला तरी भिंतीत ओल राहते : दुकानदारांनी घ्यावयाची काळजी

सांगलीच्या बाजारपेठेला कृष्णेचा पूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी दुकानांत व घरांत शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्याही वर गेली होती. पाणी उतरले की किती माल भिजला याचा हिशेब होतो. परंतु त्यानंतर बुरशीने होणारे नुकसान कोणाच्याही वहीत मांडले जात नाही.

दुकान बंद ठेवणे परवडत नाही. पुढे दसरा-दिवाळीचा हंगाम असतो. म्हणून चिखल काढला, की लगेच पुट्टी व रंग मारून दुकान उघडले जाते. आमच्या मते खरी चूक येथेच होते. वीट आणि गिलावा पाणी पितात, आणि ही ओल पुराच्या खुणेच्याही वर चढते. वरून ऑइल पेंट लावल्यास तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. काही आठवड्यांत रंगाचे पोपडे सुटतात, प्लायवूडच्या फळ्यांची मागची बाजू काळी पडते, नव्या मालाला कुबट वास येतो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. अनेकांचे घर दुकानाच्या मागे किंवा माडीवर असते. ओलसर, बुरशी असलेल्या घरात खोकला, दम्यासारखे विकार बळावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना साफसफाईपासून दूरच ठेवावे.

कामाचा क्रम असा असावा. प्रथम मेन स्विच बंद ठेवावा आणि वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. काही हलविण्यापूर्वी दुकानाचे, भिजलेल्या मालाचे व भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. सर्व्हेअर येण्यापूर्वी माल फेकणे भाग पडलेच, तर फोटो, यादी व नमुने जपून ठेवावेत.

पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. त्यामुळे गमबूट व रबरी हातमोजे घालूनच काम करावे, जखम उघडी ठेवू नये आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना पुरात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते. म्हणून गाद्या, पुठ्ठे, फुगलेले प्लायवूड यांचा मोह धरू नये. लोखंडी व काचेचे सामान धुऊन वापरता येते. महत्त्वाचे कागद लगेच वाळविता येत नसतील, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. बुरशीची वाढ थांबते आणि नंतर सवडीने वाळविता येतात.

भिंतीवर पांढरी पूड दिसल्यास तिच्यावर पाणी शिंपडून पाहावे. विरघळली तर तो लोणा, म्हणजे क्षार. न विरघळल्यास बुरशी समजावी. बुरशी कोरडी खरवडू नये, कारण तिचे कण हवेत उडतात. एन-९५ मास्क व चष्मा लावून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ती घासून काढावी. ब्लीच वापरायचे असल्यास ते संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो व बंद खोलीत तो जीवावर बेततो. बुरशीचा डाग साधारण तीन फूट लांब-रुंद असेल तोवर घरी साफ करावा; त्याहून मोठा असल्यास जाणकाराकडून काम करून घ्यावे.

भिंत सुकली की नाही हे पाहण्याची सोपी पद्धत आहे. एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवावा. दुसऱ्या दिवशी आत दव किंवा काळसर डाग दिसला, तर रंगाऱ्याला परत पाठवावे. निघालेला गिलावा काढून टाकावा, कपाटे भिंतीपासून सुटी ठेवावीत, पंखे चालवावेत. जुन्या वाड्यांच्या भिंतींना चुनाच बरा. त्यातून ओल बाहेर पडते आणि बुरशीलाही तो मानवत नाही.

सांगली ही हळदीची पेठ. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांतील हळदीचीही हानी झाली. पुरात भिजून बुरशी धरलेली हळकुंडे वाळवून, दळून विकता येतील असे कोणी समजू नये. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते वाळविल्याने, दळल्याने वा भाजीत शिजविल्यानेही पूर्णपणे जात नाही. धान्य, मसाले व पीठ यांनाही हेच लागू आहे. भिजलेले कापड धुऊन विकायचे, तर दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावे.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी दोन कामे उरकावीत. खालच्या फळ्या प्लायवूडऐवजी लोखंडी कराव्यात. आणि विम्याची मुदत तपासावी. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्या व्यवसायांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मिळते व तिच्यात पुराचाही समावेश आहे. मालाची बिले आणि पॉलिसीची प्रत मात्र माडीवर ठेवावी.