टॉल्किनची भुतं आणि आजोबांना दिलेला शब्द

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ म्हटलं की बहुतेकांना अंगठी आठवते, पांढऱ्या दाढीचा गॅन्डाल्फ आठवतो, सिनेमातल्या लढाया आठवतात. मला थडगी आठवतात. हसू नका! ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतलीत, तर पानापानावर कुणीतरी कुणाला तरी पुरताना, जाळताना, पाण्यात सोडताना किंवा मेलेल्याला दिलेल्या शब्दाचा हिशेब करताना दिसेल. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘मिडल-अर्थ’ नावाचं जग उभं केलं, तेव्हा त्यात भाषा, नकाशे, वंशावळी तर घातल्याच; पण प्रत्येक जमातीचे अंत्यसंस्कारही वेगळे आखले. कुणाला कसं निरोप देतात यावरून ती माणसं कळतात.

इंजिनिअरिंगला असताना पुण्यात हॉस्टेलवर मी हे पहिल्यांदा वाचलं, ते लढायांसाठी. आता दहा-बारा वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ राहतो. इथे आल्यावर लक्षात आलं, की त्या पुस्तकातली भुतं हवेतून आलेली नाहीत. इथल्या मातीतूनच आली आहेत.

आमच्या घरापासून गाडीने तासाभरात ‘वेलँड्स स्मिथी’ नावाची जागा आहे. टेकडीच्या माथ्यावर झाडांच्या कड्यात मातीचा लांबट ढिगारा आणि तोंडाशी उभे केलेले मोठाले दगड. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे सामूहिक थडगं. अशा ढिगाऱ्यांना इंग्रजीत ‘बॅरो’ म्हणतात. पुढे आलेल्या सॅक्सन लोकांना ते कुणी बांधलं हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तिथे वेलँड नावाचा अद्भुत लोहार राहतो असं ठरवलं. घोडा बांधून एक नाणं ठेवून जावं, परत यावं तर नाल ठोकलेली! म्हणजे थडगं कुणाचं हे विसरलं, की त्यात दुसरंच कुणीतरी राहायला येतं.

टॉल्किन यांनी नेमकी हीच कल्पना ‘बॅरो-डाउन्स’च्या प्रकरणात वापरली आहे. तिथले ढिगारे जुन्या, चांगल्या राजांचे. पण साथ येते, वंश संपतात, विचारपूस करणारं कुणी उरत नाही. मग अंगमारचा दुष्ट राजा त्या रिकाम्या थडग्यांत आपले पिशाच्च धाडतो. त्यांना म्हणतात ‘बॅरो-वाइट’. बारकावा लक्षात घ्या, हे भूत त्या मेलेल्या माणसाचं नाही. ते घुसखोर आहे! धुक्यात वाट चुकलेल्या चार हॉबिट्सना ते पकडतं. तिघांना पांढरी वस्त्रं नेसवून, सोन्याने मढवून झोपवतं आणि तिघांच्या गळ्यांवर एक उघडी तलवार आडवी ठेवतं. फ्रोडो सरपटत येणारा हात तोडतो, टॉम बॉम्बडिल गाणं म्हणत येतो आणि सगळे सुटतात.

त्यानंतर टॉम जे करतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो थडग्यातलं सोनंनाणं बाहेर आणून गवतावर मोकळं मांडून ठेवतो, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. तसं केल्यावरच थडग्यावरची पकड सुटते. आपल्या बायकोसाठी तो एक ब्रोच घेतो आणि पूर्वी तो लावणाऱ्या स्त्रीची आठवण काढतो. हॉबिट्सना खंजीर देतो. त्यातलाच एक पुढे मेरीच्या हातून त्याच दुष्ट राजाच्या गुडघ्यामागे घुसतो. त्या राजाशी लढतच ज्यांचं राज्य संपलं, त्यांनी घडवलेलं शस्त्र शेवटी कामी येतं. मेलेल्यांची वस्तू पुरून ठेवली की भूत. जिवंतांच्या हाती दिली की वारसा. एवढं सरळ.

आमच्या कोकणात भुतांची यादी याहून मोठी आहे. चिपळूणजवळच्या गावी सुट्टीत आजोबा रात्री अंगणात बसून सांगायचे. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. यातलं प्रत्येक भूत म्हणजे अर्धवट राहिलेलं आयुष्य. आणि वेतोबा मात्र भुतांचा राजा असूनही गावाचा राखणदार! वेंगुर्ल्याजवळ आरवलीला त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री गावाभोवती फेरी मारून त्या झिजतात, अशी श्रद्धा. भुताला हाकलण्याऐवजी ड्युटी लावून देणं हा खास आपला मार्ग.

मिडल-अर्थमध्येही अर्धवट राहिलेल्यांची एक आख्खी फौज आहे. डोंगरातल्या लोकांनी एरेखच्या काळ्या दगडावर राजा इसिल्डुरला शपथ दिली, की युद्धात तुझ्या बाजूने येऊ. आयत्या वेळी आले नाहीत. त्याने शाप दिला, शपथ पुरी होईपर्यंत तुम्हाला विसावा नाही. तीन हजारांहून जास्त वर्षं ते डोंगराखाली भुतं होऊन राहिले. शेवटी इसिल्डुरचा वारस ॲरागॉर्न त्यांना बोलावतो, त्यांच्याकडून काम करून घेतो आणि सांगतो, शपथ पुरी झाली, जा. ते वाऱ्यासारखे विरून जातात.

हे प्रकरण वाचताना मला दहाव्याचा कावळा आठवतो. पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. नाही शिवला, तर घरातले हात जोडून म्हणतात, धाकटीचं लग्न करून देऊ, कर्ज फेडू, काळजी करू नका. राहिलेली इच्छा कुणीतरी जिवंत माणूस आपल्या अंगावर घेतो. ॲरागॉर्न मेलेल्यांची शपथ पुरी झाली असं जाहीर करतो, आपण मेलेल्यांसाठी नवी शपथ घेतो. सुटका मात्र दोन्हीकडे जिवंत माणसाच्या शब्दानेच होते.

आजोबा मे २०२१ मध्ये गेले. भारत तेव्हा ब्रिटनच्या रेड लिस्टवर होता. घरी दोन वर्षांची मुलगी, बायको हॉस्पिटलच्या नोकरीत. मला निघता आलं नाही. दहाव्याला चुलतभावाने नदीकाठावरून व्हिडिओ कॉल लावला. रेंज जात-येत होती. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. काकांनी एकेक करून सगळं बोलून पाहिलं. मग भावाने फोन पिंडांकडे वळवला आणि म्हणाला, “तू बोल काहीतरी. तुझी वाट बघत असतील.” मी म्हणालो, “आजोबा, कलमं विकणार नाही.” त्यांची सत्तरेक हापूसची कलमं, अर्धीअधिक त्यांनी हाताने लावलेली. कावळा आला. माझं बोलणं ऐकून आला, की त्याला भूक लागली म्हणून, हे मी कॉम्प्युटर इंजिनिअर असूनही सांगू शकत नाही. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता.

गेल्या वर्षी त्या बागेला गिऱ्हाईक आलं. रक्कम चांगली आहे. भावाचं म्हणणं खरं आहे. वानर फळं ठेवत नाहीत, मोहोर अवकाळीने जळतो, फवारणीचा आणि राखणीचा खर्च तो करतो आणि मी इथून फक्त पेटी कधी येणार असं विचारतो. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून सही हवी. इथे मला टॉल्किन यांचीच दुसरी बाजू आठवते.

गोंडोर राज्यात मृतांना जाळत किंवा पुरत नाहीत. मसाले भरून देह टिकवतात आणि ‘शांत रस्त्या’वरच्या दगडी घरांत ठेवतात. फॅरामिर सांगतो, की या राज्याचा ऱ्हासच असा झाला. राजांनी जिवंतांच्या घरांपेक्षा थडगी जास्त सुंदर बांधली आणि मुलांच्या नावांपेक्षा पूर्वजांची नावं प्यारी मानली. पुढे त्याचाच बाप डेनेथोर निराश होऊन चिता रचतो आणि जिवंत मुलालाही तिच्यावर घ्यायला निघतो. त्या प्रसंगी जाळणं ही रानटी राजांची रीत आहे, असा सूर लागतो. चितेच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला तो टोचतोच. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. हा भाग १९५५ मध्ये छापला गेला आणि त्यांच्या चर्चने दहनावरची बंदी सैल केली ती १९६३ मध्ये. तेव्हा त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

शिवाय त्याच कादंबरीच्या परिशिष्टात याला उत्तरही आहे. ड्वार्फ लोक मेलेल्यांना फक्त दगडात ठेवतात. पण एका मोठ्या लढाईनंतर प्रेतं इतकी, की थडगी खोदायला वर्षं लागली असती. म्हणून त्यांनी त्यांना अग्नी दिला. पुढे त्यांचे वंशज अभिमानाने सांगत, आमचा पूर्वज ‘जाळलेला ड्वार्फ’ होता. नाइलाजाने मोडलेली रीत मानाची खूण झाली!

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज राजाराम इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला. आज तिथे छत्री आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. पंचगंगेऐवजी आर्नो. ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत दहन तर त्यानंतर, १८८५ मध्ये वोकिंगला झालं. आज इथले हिंदू बटण दाबून अग्नी देतात आणि कुणी कुणी अस्थी लेस्टरशायरच्या सोअर नदीत सोडतात. रीत वाकते, पण सुटत नाही.

मला सगळ्यात भावतो रोहनचा मार्ग. राजा थेओडेन परमुलखात मरतो. काही महिन्यांनी त्याला पंधरा दिवसांच्या वाटेने गाड्यावरून घरी आणतात, ढिगारा रचतात आणि स्वार गाणी म्हणत त्याभोवती फेरी घालतात. या ढिगाऱ्यांवर ‘सिंबलमिने’ नावाची पांढरी फुलं बाराही महिने फुलतात. रोहनच्या थडग्यांत भुतं नाहीत. कारण ती भर रस्त्यालगत आहेत, माणसं रोज येता-जाता ती बघतात आणि आत कोण आहे हे पोराटोरांना ठाऊक आहे.

त्यामुळे मी सही केलेली नाही आणि नकारही दिलेला नाही. भावाला लिहिलं, की राखणीचा आणि फवारणीचा निम्मा खर्च यंदापासून माझा, आणि मे महिन्यात तीन आठवडे आम्ही येतोय. नुसता शब्द पाळायचा म्हणून बाग ठेवली, तर ते गोंडोरचं थडगं होईल आणि त्याची देखभाल भावाच्या डोक्यावर बसेल. तो म्हणाला, “ये आधी, मग बोलू. झाडावर चढायला माणूस मिळत नाही, तुला चढता येतं का?” येत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मात्र आतापासूनच चढायचंय. कुठलं कलम पणजोबांनी लावलं, हे भावाने तिला दाखवावं एवढी माझी अट आहे.