धुऱ्यावरच्या कोळणीचे खरे नाव

पाऊस ओसरला, की मूर्तिजापूरच्या काळ्या रानात सकाळी धुऱ्याधुऱ्यांवर पांढरी जाळी दिसू लागतात. गवतावर पसरलेली, दवाने भिजलेली आणि एका कडेला नळी असलेली. निंदायला जाणाऱ्या आपल्या आया-बहिणी ती रोज ओलांडतात. त्या नळीत कोण बसले आहे, हे थांबून पाहायला मजुरीच्या दिवसात फुरसत कोणाला? पण याच कोळ्यावरून आमच्या वस्तीत एक चर्चा झाली. ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

आमच्या शेजारची एक मुलगी नववीत आहे. परिसरातील जीवांची नोंद करा, असे शाळेत सांगितले म्हणून तिने धुऱ्यावरच्या कोळ्याचा फोटो मोबाइलवर काढला आणि 'आयनॅचरलिस्ट' या नोंदवहीत टाकला. ही नोंदवही २००८ साली अमेरिकेत सुरू झाली. जगातला कोणीही साधा माणूस आपण पाहिलेला पक्षी, किडा किंवा झाड तिच्यात फोटोसह नोंदवू शकतो आणि इतर लोक त्याचे नाव तपासतात. यंत्रही फोटो पाहून नाव सुचवते. यंत्राने येथे नळीदार जाळे विणणाऱ्या 'अ‍ॅजेलेनिडी' कुळाचे नाव सुचवले. मुलीने ते मान्य केले, दुसऱ्या एकाने त्याला दुजोरा दिला आणि नोंदीवर तेच नाव लागले.

संध्याकाळी मुलीने तो फोटो आईला दाखवला. आई चौथीपर्यंत शिकलेली. फोटो पाहताच ती म्हणाली, "हे तं आपल्या वावरातली कोळीन व्हय. पांढरी गाठोडी मांगं बांधून हिंडते. मंग पिल्लं निंगाले का पाठीवर घेते."

आम्ही पुस्तकी माहितीशी ताडून पाहिले, तेव्हा आईच बरोबर ठरली. अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला, जिथून सूत निघते तिथे, चिकटवून वाहणे आणि पिल्ले पाठीवर घेऊन फिरणे ही 'लायकोसिडी' कुळाची, म्हणजे लांडगा कोळ्यांची खूण आहे. अ‍ॅजेलेनिडी कुळातली मादी पिशवी अशी वाहत नाही. बहुतेक लांडगा कोळी जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करतात. पण त्यांच्यातलाच 'हिप्पासा' हा गट नळीदार जाळे विणतो आणि तिथेच पाहणारा फसतो. त्यातल्या एका जातीचे शास्त्रीय नावच 'हिप्पासा अ‍ॅजेलेनॉइडिस', म्हणजे 'अ‍ॅजेलेनासारखा' असे आहे. तेव्हा चूक झाली यात मुलीला लाजण्यासारखे काही नाही. चूक कळल्यावरही ती तशीच ठेवणे मात्र बरे नव्हे.

लांडगा कोळी ओळखायचा कसा? त्याचे डोळे पाहावेत. डोळे आठ असतात आणि ते तीन ओळींत असतात. खाली चार बारीक, त्यांच्यावर दोन मोठे आणि त्याच्या मागे दोन मध्यम. म्हणून एक फोटो वरून आणि एक समोरून घ्यावा. रात्री कपाळाजवळ बॅटरी धरून वावरात पाहिले, तर हे डोळे ठिणगीसारखे चमकतात. मुलांना हे जरूर दाखवा, पण सोबत मोठे माणूस आणि पायात जोडे असू द्या. रानात सापही असतो.

इतर काही कोळ्यांनाही लोक लांडगा कोळी समजतात. 'पिसॉरिडी' कुळातली मादी अंड्यांची पिशवी मागे न बांधता जबड्यात धरून नेते. घराच्या भिंतीवर खेकड्यासारखे पाय पसरून बसणारा चपटा मोठा कोळी वेगळ्या कुळातला. तुरीच्या झाडावर उड्या मारणारा, पायांवर काटे असलेला कोळी आणखी वेगळा. जगात लांडगा कोळ्यांच्या २,४०० हून अधिक जाती आहेत. त्यातली नेमकी जात सांगायला बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. म्हणून नोंदीत 'लांडगा कोळी' एवढेच लिहून थांबणे हा कमीपणा नाही, तो प्रामाणिकपणा आहे.

आता दुरुस्तीचे गणित पाहा. त्या नोंदवहीत एखादे नाव पक्के होण्यासाठी दोन-तृतीयांशांहून अधिक मते लागतात. दोन माणसांनी चुकीचे नाव दिले, तर ते उलटवायला पाच जणांनी बरोबर नाव द्यावे लागते. चारांनी भागत नाही. पण चुकलेल्या दोघांनी आपले मत बदलले, तर काम तिथेच सोपे होते. आमच्या शेजारच्या मुलीने हेच केले. तिने आपले आधीचे नाव मागे घेतले आणि आईने सांगितलेली खूण खाली लिहिली. दुजोरा देणाऱ्यानेही मग आपले मत बदलले.

कोणी म्हणतील, कोळ्याच्या नावाने आपल्या चुलीला काय फरक पडतो? फरक पडतो. पावसाळ्यात अंगावर ओळीने फोड आले, की 'कोळी मुतला' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पुष्कळदा तो दिव्यापाशी येणाऱ्या 'पेडेरस' नावाच्या बारीक किड्याचा प्रताप असतो. तो अंगावर चिरडला, की त्याच्या रसाने कातडी भाजते. अशा वेळी ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. नाव चुकले, की उपायही चुकतो आणि निरपराध कोळी चपलेखाली जातो. लांडगा कोळी माणसाच्या जिवावर उठणारा नाही. तो तुडतुडे आणि लहान अळ्या खातो. म्हणजे शेताचा तो बिनपगारी राखणदारच आहे.

आपल्या देशातल्या लांडगा कोळ्यांवर टिकादर आणि मल्होत्रा या शास्त्रज्ञांचा ग्रंथ १९८० साली निघाला. आपल्या शेजारी दर्यापूरच्या महाविद्यालयातही कोळ्यांवर संशोधन झाले आहे. पण वावराच्या प्रत्येक धुऱ्यावर शास्त्रज्ञ कुठून येणार? तिथे आपली माणसे रोज जातात. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार गावाची लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम स्थानिक समितीकडे आले. केंद्राच्या २००४ च्या नियमांत या समितीच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत, अशी तरतूद होती. तेव्हा आपल्या गावची नोंदवही पाहायला मागा. त्यात कोळ्यांची पाने आहेत का, ती भरताना निंदणाऱ्या बायांना कोणी विचारले का, याची चौकशी करा. चूक दिसली, तर पुराव्यासह दुरुस्ती सुचवा.

मोठ्याने सांगितले म्हणून, यंत्राने सांगितले म्हणून किंवा दहा जणांनी मान डोलावली म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, स्वतः तपासून मानायची, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. ती एवढ्याशा कोळ्यालाही लागू पडते. आमच्या शेजारच्या त्या मुलीच्या नोंदीवर आज 'लांडगा कोळी' असे नाव आहे. खाली टीप आहे: 'ओळख आईने सांगितली.' आई वाचून हसली आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन नेहमीप्रमाणे कामाला गेली. वाटेत धुऱ्यावरचे जाळे मात्र तिने जपून ओलांडले.