पोर्तुगीज भाषेची मधली पायरी

पोर्तुगीज शिकावयास बसलेल्या मराठी माणसाला पहिले वर्ष माहेरी गेल्यासारखे वाटते. पाठ्यपुस्तकाचे पान उलटावे आणि ओळखीचा शब्द भेटावा, असे पुन्हा पुन्हा घडते. चावी, पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, फीत, पिंप, बंब, बिजागरी, घमेले, लिलाव, नाताळ हे सारे शब्द त्या भाषेतूनच आपल्या घरात, बाजारात आणि सणावारांत आले. महिनाअखेर ज्याची आपण वाट पाहतो तो पगारही तेथलाच. मूळ भाषेत ‘पागार’ हे ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. इतका शब्दसंग्रह घरचाच असल्यावर भाषा कितीशी अवघड असणार, असा विश्वास विद्यार्थ्याच्या मनात वर्षभरात पक्का होतो.

दुसऱ्या वर्षी हा विश्वास डळमळतो. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी ही भाषा शिकविली जाते. अभ्यासक्रमांची नावे निरनिराळी असली, तरी प्रारंभिक, मध्यम आणि प्रगत असे तीन टप्पे कोठेही ढोबळ मानाने आढळतात. यांपैकी मधल्या टप्प्यावर गळती अधिक होते, असा भाषाशिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. पहिल्या टप्प्यात नावीन्य असते आणि तिसऱ्यात साहित्याचा आनंद असतो. मधल्या टप्प्यात मात्र क्रियापदांची रूपे तेवढी असतात, आणि ती कंठस्थ करूनही बोलताना जिभेवर येत नाहीत. बोलीभाषेपुरते येते, पण वर्तमानपत्रातला परिच्छेद पुढे आला की शब्द कळतात आणि वाक्य निसटते. परंतु भाषा येण्याची खरी सुरुवात येथेच होते. ब्राझील देशाची ‘सेल्पी-ब्रास’ नावाची भाषापरीक्षा आहे. तिच्यात सर्वांत खालचे प्रमाणपत्रच मध्यम पातळीचे असते. प्रारंभिक ज्ञानासाठी तेथे प्रमाणपत्र नाही.

ही मधली पायरी आपल्याला इतकी उंच का वाटते? माझ्या मते त्याचे एक कारण आपण स्वतःच निर्माण केलेले आहे. आपण पोर्तुगीज शिकतो ती बहुधा इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, अर्थ इंग्रजी, वहीत केलेले टिपणही इंग्रजी. आता ज्या गोष्टींचे इंग्रजीभाषी विद्यार्थ्याला भय वाटते, त्यांपैकी कित्येक मराठीत आपण लहानपणापासून सहज बोलत आलो आहोत. तरीही आपण इंग्रजाची भीती उसनी घेतो आणि घरचे व्याकरण वर्गाच्या दाराबाहेर ठेवतो. हे विधान काही उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पोर्तुगीज भाषेत ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘इश्तार’. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही. म्हणून इंग्रजी पुस्तक सांगते की कायमचे असेल तेथे ‘सेर’ आणि तात्पुरते असेल तेथे ‘इश्तार’. हा नियम पहिल्या वर्षी कामास येतो आणि दुसऱ्या वर्षी फसवितो. मृत्यूइतके कायमचे काय असणार? तरीही मेलेल्या माणसाविषयी बोलताना ‘इश्तार’च वापरतात, कारण ती एका घटनेतून आलेली अवस्था असते. मराठी माणसाने येथे स्वतःच्या भाषेकडे पाहावे. ‘तो आजारी असतो’ आणि ‘तो आजारी आहे’ या दोन वाक्यांतला फरक आपल्याला कोणी शिकविला नाही. पहिल्या वाक्यात त्याच्या प्रकृतीचा धर्म सांगितला आहे, दुसऱ्यात आजची अवस्था. ‘दूध पांढरे असते’ आणि ‘दूध गरम आहे’ यांतही तोच भेद आहे. दोन्ही भाषांतील सीमारेषा तंतोतंत जुळत नाहीत, हे खरे. ‘ती शिक्षिका आहे’ असे आपण म्हणतो, तेथे पोर्तुगीज माणूस ‘सेर’ वापरतो. तथापि धर्म आणि अवस्था हा भेद ज्याच्या कानात आहे, त्याला निम्मी वाट आधीच सरलेली असते.

भूतकाळाचीही तीच कथा. पोर्तुगीजमध्ये घडून संपलेल्या कृतीचा भूतकाळ वेगळा आणि रीतीचा किंवा चालू स्थितीचा वेगळा. आपल्या शाळेच्या व्याकरणात रीतिभूतकाळ होता, तो आठवावा. ‘आजोबा रोज पहाटे नदीवर जात’ आणि ‘आजोबा काल नदीवर गेले’ या वाक्यांची गल्लत मराठी मूलही करीत नाही. याहून सूक्ष्म उदाहरण पाहा. ‘साबेर’ म्हणजे ठाऊक असणे. या क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ घेतला, तर अर्थ होतो ‘मला ठाऊक होते’. पूर्ण भूतकाळ घेतला, की त्याच क्रियापदाचा अर्थ होतो ‘मला कळले’. मराठी विद्यार्थ्याने वहीत एवढेच लिहावे की एका रूपापुढे ‘ठाऊक होते’ आणि दुसऱ्यापुढे ‘कळले’. मग निराळ्या नियमाची गरज उरत नाही.

आता मध्यम अभ्यासक्रमातील सर्वांत बदनाम प्रकरणाकडे वळू. क्रियापदाचे एक रूप घडलेल्या गोष्टी सांगण्यासाठी असते; दुसरे इच्छा, शंका, विनंती, अपेक्षा यांसाठी राखून ठेवलेले असते. ‘तू येतोस’ हे पहिल्या रूपाने सांगता येते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हे सांगताना रूप बदलावे लागते. इंग्रजीतून हा प्रकार झिजून जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे त्या भाषेतील पुस्तके पानेच्या पाने स्पष्टीकरण देतात. मराठी माणसाने मात्र वरचे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. ‘यावेस’ हे रूप आपण कशासाठी वापरले? त्याला आपण विध्यर्थ म्हणतो. ‘त्याने अभ्यास करावा’, ‘पाऊस पडावा’, ‘तिने हे विसरावे’ या वाक्यांत आपण जे करतो, तेच पोर्तुगीज माणूस अशा ठिकाणी करतो.

याच्याही पुढे एक आश्चर्य आहे. ‘तो आला म्हणजे मी सांगेन’ या मराठी वाक्यात येणे अजून व्हावयाचे आहे. तरी आपण ‘आला’ हे भूतकाळाचे रूप वापरतो. ‘उद्या पाऊस पडला तर’ यातही तसेच. पुढे घडावयाच्या अटीसाठी पोर्तुगीजने एक खास रूप जपून ठेवले आहे. शेजारच्या स्पॅनिश भाषेतून ते रोजच्या बोलण्यात आता जवळपास लोपले आहे. पोर्तुगीजमध्ये ते बाजारात आणि घरात नित्य ऐकू येते. आणि हे रूप बनते कसे? ‘ते आले’ या अर्थाचे ‘विएराउं’ हे भूतकाळाचे रूप घ्यावयाचे, त्याचा शेवट काढावयाचा आणि उरलेले ‘विएर’ भविष्यातील अटीला जोडावयाचे. ‘क्वांदू विएर’ म्हणजे ‘येईल तेव्हा’, किंवा अस्सल मराठीत ‘आला की’. दोन भाषांचा इतिहास निराळा आहे. पोर्तुगीज रूपाचे मूळ लॅटिनमध्ये सापडते आणि आपल्या रूपाचे संस्कृत-प्राकृतात. तरीही भावी अट सांगताना दोघीही पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपाकडे वळल्या.

एवढ्या बारकाव्यांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. व्यापार, शिक्षण, परदेशगमन ही उत्तरे आहेतच. युरोप, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशिया अशा चार खंडांत ही भाषा राजभाषा आहे. परंतु मराठी आणि कोंकणी माणसासाठी याहून जवळचे उत्तर आहे. वसई 1739 पर्यंत आणि चौल 1740 पर्यंत पोर्तुगिजांकडे होते. गोवा 1961 च्या डिसेंबरापर्यंत. पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोन्सोंइश’ या नावाने ओळखले जाणारे पत्रव्यवहाराचे शेकडो ग्रंथ आहेत. मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये हा पत्रव्यवहार चाले, म्हणून त्यांना हे नाव पडले. मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे तरी साधन त्यांत आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (1894–1969) यांनी ही दप्तरे वाचून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर जे लेखन केले, ते दोन्ही भाषा येत होत्या म्हणूनच शक्य झाले.

इतिहास बाजूला ठेवला, तरी घरातला कागद उरतो. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि कुटुंब व मालमत्ता यांविषयीचे तिचे कित्येक नियम 1961 नंतरही चालू राहिले. त्यामुळे विकत, वारसा, वाटणी यांचे जुने पोर्तुगीज दस्त आजही पेट्यांतून बाहेर निघतात आणि वकिलाच्या मेजावर येतात.

कल्पना करा की अशा एका दस्तात धाकट्या मुलाविषयी ‘विएर’ हे रूप आले आहे, आणि पुढे ‘निपुत्रिक मरण पावणे’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पहिल्याच वर्षाचे ज्ञान असलेला वाचक त्याचा अर्थ ‘तो निपुत्रिक वारला’ असा लावील. मध्यम पायरी चढलेला वाचक सांगेल की येथे कोणी वारलेले नाही. ‘तो निपुत्रिक वारल्यास’ एवढी अट घातली आहे. दुसरे उदाहरण घ्या. घर थोरल्या भावाच्या हवाली केले आहे आणि पुढे विक्रीचा उल्लेख आहे. तेथे ‘पारा वेन्देर’ असेल, तर ‘विकण्यासाठी’ एवढाच अर्थ होतो आणि विकणारा कोण हे संदर्भावरून ठरवावे लागते. पण ‘पारा वेन्देरें’ असेल, तर शेवटच्या त्या एका अनुनासिक अक्षराने कर्ता अनेकवचनी झाला. ‘त्यांनी विकावे म्हणून’ असा अर्थ झाला. धातूच्या मूळ रूपालाच पुरुष आणि वचन यांचे प्रत्यय लावण्याची ही सोय पोर्तुगीजचे एक वैशिष्ट्य आहे. इंग्रजी भाषांतरात दोन्ही वाक्ये एकसारखी दिसू शकतात. घर विकण्याचा अधिकार एकाचा की सर्वांचा, हा प्रश्न मात्र एका प्रत्ययावर टांगलेला असतो.

याचा अर्थ मराठी हा सर्व कुलपांची किल्ली आहे, असा नव्हे. ओळखीचे शब्दच कधी दगा देतात. मराठीत बटाटा पुल्लिंगी आहे, पोर्तुगीजमध्ये तो स्त्रीलिंगी. कारण तेथे ‘आ’कारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात. आपली परात स्त्रीलिंगी आणि कणीक मळण्याएवढी मोठी. तिचा पूर्वज ‘प्रातू’ पुल्लिंगी आणि जेवणाच्या ताटाएवढा. शिवाय लिस्बनचा माणूस स्वर गिळून बोलतो, तर ब्राझीलचा माणूस ते मोकळे सोडतो. दोघांचेही बोलणे ऐकल्याशिवाय कान तयार होत नाही. जुन्या कागदांचे लेखनही निराळे आहे, कारण 1911 मध्ये पोर्तुगालने शुद्धलेखन सुधारले आणि जुनी जोडाक्षरे व द्वित्ते काढून टाकली. त्यापूर्वीचा शब्द आजच्या कोशात जसाच्या तसा सापडत नाही. आणि ज्याला आदराने बोलावयाचे त्याच्याशी क्रियापद तृतीय पुरुषी वापरावयाचे, हा तेथला शिष्टाचार आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतली पायरी ओळखणाऱ्या आपल्या माणसाला तो समजतो, पण सवय करावीच लागते.

म्हणून मधल्या वर्षातील विद्यार्थ्याला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, क्रियापदांची वही मराठीत ठेवावी. प्रत्येक रूपापुढे सुटा अर्थ न लिहिता घरात बोलले जाणारे एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे, आणि जेथे दोन भाषांची वाट वेगळी होते तेथे तांबड्या शाईने खूण करावी. दुसरी, वर्तमानपत्रांत येणारे ‘क्रोनिका’ नावाचे छोटे ललित लेख वाचावेत. त्या भाषांतील मोठमोठ्या लेखकांनी हा प्रकार हाताळला आहे आणि त्याची भाषा रोजच्या बोलण्याजवळची असते. कादंबरीपूर्वीचा तो चांगला मुक्काम आहे. तिसरी, रोज दहा ओळी श्रुतलेखन करावे. कान आणि हात यांची गाठ पडल्याशिवाय तो शेवटचा अनुनासिक ऐकू येत नाही, आणि तो किती मोलाचा असू शकतो ते आपण आत्ताच पाहिले.

इंग्लंडमधून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी येथे येऊन मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि आपल्या किनाऱ्यावरील भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते 1640 मध्ये रायतूर येथे छापले गेले. परभाषकांना आपली भाषा कळावी, यासाठी ते श्रम होते. उलट दिशेने, म्हणजे पोर्तुगीज भाषा मराठीच्या अंगाने समजावून सांगण्याचे काम अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. ते कोण करील? पहिल्या वर्षाच्या सोप्या वाटेवर न रमता आणि दुसऱ्या वर्षाच्या चढावर न थांबता जो वर जाईल, तोच. आजोबांच्या पेटीतला कागद त्याची वाट पाहत आहे.